२०२४ ची मेटल लिस्ट आत्ता का करतोय

डिसेंबर २०२४ मध्ये मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षातल्या आवडत्या दहा हेवी मेटल अल्बमची लिस्ट टाकली होती, परवा ती वर वर स्क्रोल करत शोधून काढली आणि वाचल्यावर खरंच वाईट वाटलं. स्वीडनचा बँड ओपेथ नवव्या नंबरला. अल्सरेटचं नावच नाही. आणि चौथ्या नंबरला असा एक अल्बम जो मी त्यानंतर अख्खा एकदाही लावलेला नाही.

झालं काय होतं ते सांगतो. ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला २२ नोव्हेंबरला, मी लिस्ट टाकली ८ डिसेंबरला, म्हणजे हातात सोळा दिवस, त्यात ऑफिस, घरातलं एक लग्न, आणि तो अल्बम मी ऐकला फक्त दोनदा, त्यातला एकदा रिक्षात. अल्सरेटचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' तर जूनमध्येच आला होता पण एकदा ऐकून फार गिचमिड वाटला म्हणून बाजूला ठेवला तो ठेवलाच. लोकांनी वर्षं घालवून केलेल्या कामाला मी असा उडत उडत नंबर दिला आणि वर ग्रुपमधल्या चार जणांनी ती लिस्ट बघून काय ऐकायचं आणि काय सोडायचं ते ठरवलं. दोघांनी अल्सरेट अजूनही ऐकलेला नाही, कारण मी त्याचं नाव घेतलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं झालंय की वर्षाची लिस्ट त्याच वर्षाच्या डिसेंबरात करूच नये. एक वर्ष जाऊ द्यावं. अल्बम मुरावा लागतो, आणि मेटलचा तर जास्तच, कारण या संगीतात पहिल्या वेळी जे कानावर आदळतं ते बऱ्याचदा फक्त वरचं टरफल असतं.

आता हे सगळे जण का करतात तेही बघा. नोव्हेंबर संपायच्या आत मोठमोठ्या मासिकांच्या लिस्टा यायला लागतात, पन्नास अल्बमच्या. साधा हिशोब करा, एक अल्बम पाऊण तासाचा धरला तर पन्नास अल्बम एकदा ऐकायला साडेसदतीस तास लागतात. प्रत्येक अल्बम निदान पाच वेळा ऐकायचा म्हटला तर जवळपास १९० तास, आणि हे फक्त लिस्टमध्ये आलेल्यांचं, जे आले नाहीत ते कधी ऐकले? ज्यांचं कामच ते आहे त्यांच्याकडे निदान टीम असते. आपण नोकरी करणारी माणसं तीच घाई का करतोय, आपल्याला कोणी डेडलाईन दिलीये? आपण फॅन आहोत, आणि फॅनकडे एकच गोष्ट जास्तीची असते ती म्हणजे एकच अल्बम पुन्हा पुन्हा ऐकायची मोकळीक, तीच आपण सोडून देतोय.

अल्सरेटचं सांगतो. ऑकलंड, न्यूझीलंडचा बँड, तीनच माणसं, गिटार एकच. सात गाणी, एकूण तासाला दोन-तीन मिनिटं कमी. २०२५ च्या पावसाळ्यात मी हा अल्बम लोकलमध्ये लावायला लागलो कारण डोंबिवलीहून फास्ट मिळाली की सीएसएमटीपर्यंत साधारण तास जातो आणि अल्बम तेवढ्यात बरोबर बसतो. पहिले दोन दिवस पुन्हा तेच, ड्रम कुठे चाललेत कळेना, गिटार नुसती घोंगावतेय असं वाटायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी, घाटकोपरच्या जवळपास असेल, अचानक लक्षात आलं की ड्रम एवढे सैरभैर वाजत असताना गिटार खरं तर एक अगदी संथ, दुःखी सूर धरून बसलीये, आणि तो सूर पहिल्यापासून तिथेच होता, मीच ड्रमच्या मागे धावत होतो. त्यानंतर मी जेमी सेंट मेराटचे ड्रम वेगळे ऐकले, एकदा फक्त गिटार धरून ऐकलं, एकदा फक्त पॉल केलंडचा आवाज. रेकॉर्डिंगचं काम आणि अल्बमचं चित्रकामही तो ड्रमरच सांभाळतो, त्यामुळे सगळं एकाच डोक्यातून आल्यासारखं वाटतं. दादरला माणसं चढताहेत, बॅगा डोक्यावरून जाताहेत आणि माझ्या कानात हे चाललंय, माझ्यासाठी गेल्या कित्येक वर्षांतले ते सगळ्यात चांगले प्रवास होते. डिसेंबरच्या लिस्टमध्ये हा अल्बम येणं शक्यच नव्हतं कारण डिसेंबरपर्यंत मी तो ऐकलाच नव्हता, फक्त वाजवला होता.

ओपेथची गोष्ट वेगळी आहे. सगळीकडे बातमी एकच होती की त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ट पुन्हा ग्राउल करतोय, म्हणजे घशातून गुरगुरत गातोय, २००८ च्या 'वॉटरशेड' नंतर पहिल्यांदा, म्हणजे सोळा वर्षांनी. मीही तेवढ्यासाठीच ऐकलं, ग्राउल आला, मी खूश झालो, पुढे गेलो. पण हा अल्बम म्हणजे एक मृत्युपत्र आहे हो! पहिलं महायुद्ध संपल्यानंतरचा काळ, श्रीमंत घराण्यातला बाप मेलाय, मुलं जमलीयेत आणि मृत्युपत्र वाचलं जातंय, एकेक कलम वाचलं जातं तसतशी एकेकाच्या पायाखालची जमीन सरकते. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, नुसतं परिच्छेदाचं चिन्ह आणि १ ते ७ आकडे. मधेमधे निवेदन करायला जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन, बासरीही त्याचीच. आठव्या गाण्याला मात्र नाव आहे, आणि त्या गाण्यात असं काही कळतं की आधीची सातही गाणी डोक्यात पुन्हा पहिल्यापासून फिरवावी लागतात. वाटणीची भांडणं, कोणाला काय मिळालं, कोण खरं कोणाचं, हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. बोल समोर घेऊन, क्रमाने, मध्ये न थांबता ऐकलं तेव्हा मला कळलं की ग्राउल हा इथे मेलेल्या बापाचा राग आहे, नुसती जुन्या फॅन्सना दिलेली भेट नाही. आणि रिक्षात ऐकलं तेव्हा काय झालं होतं माहितीये? मी ज्या अ‍ॅपवर ऐकतो त्यात शफल चालू राहिलं होतं. परिच्छेद ४ आधी, मग १, मग ६. मृत्युपत्र असं वाचतात का कोणी. आणि मला तेव्हा कळलंसुद्धा नाही की क्रम चुकलाय, याचंच जास्त वाईट वाटतं, कारण त्या ऐकण्यावरून मी नववा नंबर दिला.

इथे मला जे खरं बोलायचंय ते येतं. मेटल हे आज जे थोडे प्रकार उरलेत ना जिथे लोक अजूनही अख्खा अल्बम ही एक गोष्ट मानून काम करतात, त्यातलं एक आहे, आणि आपण ऐकणारे मात्र त्याचे तुकडे करून ऐकतोय आणि तुकड्यांवरून लिस्टा करतोय.

ब्लड इन्कँटेशन घ्या, डेन्व्हरचा बँड, 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर', ऑक्टोबर २०२४. दोनच रचना आहेत, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', प्रत्येकी वीसेक मिनिटांच्या, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या. प्रत्येक रचनेचे तीन भाग. स्ट्रीमिंगवर ते सहा वेगळे ट्रॅक म्हणून दिसतात, एलपीवर मात्र एका बाजूला एक रचना, उलटवली की दुसरी. आमच्या घरी बाबांच्या ख्यालाच्या एलपी अशाच होत्या, एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि लहानपणी मधेच सुई उचलली तर ओरडा बसायचा. मी हा अल्बम एलपीवर घेतला, बाहेरून मागवताना रेकॉर्डपेक्षा पाठवणावळ जास्त पडली तरी घेतला, आणि एका रविवारी बाबांच्याच प्लेअरवर लावला. सुरुवातीच्या डेथ मेटलला ते उठून आत गेले. मग दुसरा भाग आला, जिथे टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग सिंथेसायझर घेऊन येतो आणि सगळं पसरत जातं, तसे बाबा परत आले आणि दारात उभे राहून ऐकायला लागले. मी आवाज कमी करायला गेलो तर म्हणाले, राहू दे, कुठे नेतोय बघू. आणि तिसऱ्या भागात तो पुन्हा डेथ मेटलवर गेला तरी ते उभे होते. कारण ते त्या आवाजापर्यंत चालत आले होते, त्यांना कोणी ढकललं नव्हतं. हे एका तुकड्यात होऊच शकत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय हे बोलणं अर्धवट राहील. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो, मग गाणं दोन मिनिटांचं असो नाहीतर वीस मिनिटांचं. नॉक्ड लूजचा २०२४ चा अल्बम, केंटकीचा हार्डकोर बँड, मला अतिशय आवडतो, दहा गाणी आणि सगळा मिळून अर्धा तासही नाही. तो ऐकला की दहा स्ट्रीम. अल्सरेट ऐकायला त्याच्या दुप्पट वेळ दिला तर सात स्ट्रीम. नॉक्ड लूजची यात काही चूक नाही, त्यांचं संगीतच तसं आहे, घाव घालून निघून जाणारं, ते मोठं केलं तर मरेल. पण मोजायची पट्टी एकच असेल तर लांब लिहिणारा प्रत्येक वेळी मार खाणार. वर २०२४ पासूनच असा नियम आला की मागच्या १२ महिन्यांत ज्या गाण्याला १,००० स्ट्रीम मिळाले नाहीत त्याला पैसेच नाहीत. आणि माझी महिन्याची फी मी ऐकतो त्या बँडकडे जाते असं समजू नका, ती सगळ्यांच्या पैशांत जमा होते आणि मग एकूण स्ट्रीममध्ये ज्याचा वाटा जेवढा तेवढं त्याला. म्हणजे मी महिनाभर फक्त अल्सरेट ऐकलं तरी माझे बहुतेक पैसे अशा कोणाकडे जातात ज्याचं नावही मी ऐकलेलं नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते कोणालाही तोंडावर सांगीन.

म्हणून थांबण्याबरोबर माझा दुसरा आग्रह हा की लिस्टमध्ये ज्याचं नाव घ्याल तो अल्बम विकत घ्या. एलपीच पाहिजे असं नाही, ती परवडत नाही हे मलाही माहितीये. बँडकॅम्प या वेबसाइटवर डिजिटल घेतला तरी त्यातला पंधरा टक्के वाटा ते ठेवतात आणि बाकीचे पैसे पेमेंटचा खर्च जाऊन बँडकडे किंवा लेबलकडे जातात, आणि २०२० पासून अधूनमधून जे बँडकॅम्प फ्रायडे असतात त्या दिवशी ते स्वतःचा वाटाही सोडतात. टॉप टेन म्हणायचं आणि दहातला एकही घ्यायचा नाही हे बरोबर नाही. मी आता सातच निवडतो, कारण वर्षात सात मी घेऊ शकतो.

ग्रुपमधल्या एका मित्राने यावर चांगला मुद्दा काढला. तो म्हणाला, डिसेंबरच्या लिस्टांमुळेच तर छोटे बँड लोकांपर्यंत पोचतात, वर्षभराने लिस्ट केलीस तर कोण वाचणार, आणि बँडचा दौरा तोपर्यंत संपलेला असणार. खरंय. अल्सरेटकडे मी परत गेलो तेच मुळात दुसऱ्या कोणाच्यातरी डिसेंबरच्या लिस्टमध्ये तो पहिला बघून, नाहीतर मी गेलोच नसतो. त्यामुळे डिसेंबरात काहीच बोलू नका असं मी म्हणत नाही. डिसेंबरात सांगा की हे ऐकताय का, हे ऐका, अजून मला कळलं नाहीये पण ऐका. फक्त नंबर देऊ नका. पहिला, दुसरा, नववा हे ठरवायला जो वेळ लागतो तो न देता ठरवू नका, कारण नववा नंबर म्हणजे नको ऐकू असंच लोक वाचतात.

तो असंही म्हणाला की तुला कॅसेटचे दिवस परत हवेत. नाही, अजिबात नको. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये उभं राहून अर्धा तास ठरवायचो कोणती एक कॅसेट घ्यायची, महिन्याला एकच घेता यायची, म्हणून ती महिनाभर ऐकायचो आणि ए बाजू बी बाजू तोंडपाठ व्हायची, ते ऐकणं खरंच खोल होतं. पण त्या दिवसांत ऑकलंडच्या तीन माणसांचा अल्बम डोंबिवलीत कधीच आला नसता. आज सगळं येतंय हे भाग्यच आहे. महिनाभर एकच अल्बम ऐकायचं कॅसेट आपल्याला भाग पाडायची, आता ते आपणहून करायचंय एवढाच फरक.

तुकड्यांबद्दल अजून एक. २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात फ्रान्सचा मेटल बँड गोजिरा वाजले, कॉन्सियर्जरीच्या खिडक्यांमध्ये उभे राहून, जिथे मारी आंत्वानेतला कैदेत ठेवलं होतं तिथेच. आई टीव्ही बघत होती, तिने मला हाक मारून बोलावलं आणि विचारलं, हेच का रे तू ऐकतोस? मला इतका आनंद झाला होता की मी नुसता हो म्हणालो. त्या गाण्याला पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीही मिळालं. त्या दिवसानंतर ऑफिसातल्या तिघांनी मला विचारलं की मेटल कुठून सुरू करू, आणि तिघांनाही मी एकेक गाण्याची लिंक पाठवली. आज वाटतं अख्खा अल्बम पाठवायला हवा होता आणि म्हणायला हवं होतं की चाळीस मिनिटं दे. तिघांपैकी आज कोणीच मेटल ऐकत नाही.

तर माझी २०२४ ची लिस्ट, आत्ताची. पहिला ओपेथ. दुसरा अल्सरेट, आणि या दोघांत मी खूप घासाघीस केली, शेवटी ती मृत्युपत्राची गोष्ट जिंकली. तिसरा ब्लड इन्कँटेशन, जो डिसेंबरात पहिला होता, तो उतरला नाहीये, वरचे दोघे चढलेत.

चौथा जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड'. याच्याबद्दल लोक म्हणतात की जुन्या नावाला मान म्हणून लिस्टमध्ये टाकतात. माझ्या बाबतीत ते खोटंय आणि कसं ते सांगतो, डिसेंबरात चौथ्या नंबरला जो होता तो आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सनचा 'द मँड्रेक प्रोजेक्ट', २००५ नंतरचा त्याचा पहिला सोलो अल्बम, त्या आवाजावर माझं शाळेपासून प्रेम आहे आणि तो मी नावामुळेच टाकला होता. वर्षभरात त्यातलं शेवटचं मोठं गाणं सोडलं तर मी त्याच्याकडे गेलो नाही, म्हणून तो आज लिस्टमध्ये नाही. प्रीस्टकडे मात्र दर आठवड्याला जातो. त्यांचा पहिला अल्बम १९७४ चा, म्हणजे हा बरोबर पन्नास वर्षांनी आलेला. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा ७२ वर्षांचा. ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स आहे हे २०१८ मध्येच जाहीर झालं होतं, तरी अल्बमवर त्याची गिटार आहे. दुसऱ्या गिटारिस्टची, रिची फॉकनरची तर सप्टेंबर २०२१ मध्ये स्टेजवर वाजवता वाजवता महाधमनी फाटली होती, गाणं पूर्ण करून तो खाली उतरला आणि तिथून थेट ऑपरेशनला. ही माणसं 'पॅनिक अटॅक'ने अल्बम सुरू करतात आणि शेवटपर्यंत कुठेही दम खात नाहीत. 'क्राउन ऑफ हॉर्न्स' ऐकताना माझा घसा दरवेळी दाटतो.

पाचवा हाय ऑन फायरचा 'कमेथ द स्टॉर्म', ज्यात जेफ मॅट्झने तुर्की लोकसंगीताचा अभ्यास करून बाग्लामा हे तिकडचं तंतुवाद्य वाजवलंय. सहावा नॉक्ड लूज. सातवा बंगळुरूच्या क्रिप्टॉसचा 'डेसिमेटर', साधं, सरळ, दोन गिटारचं हेवी मेटल, १९९८ पासून टिकून असलेला बँड, आणि हा सातवा आहे तो आपला म्हणून नाही तर गाडीत लावला की आमची दहा वर्षांची पोरगीसुद्धा पूर्ण होईपर्यंत बदलू देत नाही म्हणून.

ग्रुपवर आता सगळे २०२५ ची मागताहेत. डेफहेव्हनचा 'लोनली पीपल विथ पॉवर' सध्या लोकलमध्ये चालू आहे, सकाळचा. दिल्लीच्या ब्लडीवुड बँडच्या 'नू दिल्ली'तलं जपानच्या बेबीमेटलबरोबरचं 'बेखौफ' तर मला पहिल्याच दिवशी आवडलं होतं, म्हणूनच त्या अल्बमच्या बाबतीत मी जास्त सावकाश जातोय. नंबर २०२६ च्या डिसेंबरात टाकीन. तोपर्यंत कोणाला अल्सरेट ऐकायचा असेल तर माझ्याकडे घेतलेला आहे, घरी या, पूर्ण ऐकू.